प्रत्येक खोलीत आजोबा

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुमचं ते चष्म्यातून फिरायचं घर उघडत का नाही?" मी म्हटलं, पत्राने सांगते. तेवढ्यात तुमच्या बाबांनी मागून सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात दोन चुका केल्या, म्हणून हे पत्र जरा घाईने लिहिते आहे.

उघडत नाही याचं कारण साधं आहे. ज्या कंपनीच्या संगणकांवर ते ठेवलं होतं, तिने जुनी कामं पुसून टाकली. तसं तिने आधी कळवलं होतं म्हणे. पण ते पत्र आजोबांच्या ईमेलवर आलं, आणि आजोबा ईमेल उघडत नाहीत. आता बघून आठवायची सोय राहिली नाही, तेव्हा मला नीट आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागेल. अडलं तर बाबांना विचारा, पण त्यांना मधेमधे दुरुस्त्या करू देऊ नका.

आजोबा जिन्यावरून घसरले, तिथून हे सुरू झालं. चार पायऱ्या घसरले. हाड मोडलं नाही, पण घोटा आठवडाभर दुधीभोपळ्यासारखा दिसत होता. "पोराले सांगू नको," असं त्यांनी मला बजावलं आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर स्वतःच फुशारकीने सांगून टाकलं, "चार पायऱ्या खाली आलो, पण हातातला चहा नाही सांडू देला!"

तुमचे बाबा हसले नाहीत. महिन्याभरात एक खोकं आलं. त्यात डोळ्यांवर बांधायचा जाडजूड काळा चष्मा होता आणि चष्म्यात पुणे होतं. म्हणजे पुण्याजवळची ज्येष्ठांसाठी बांधलेली एक वसाहत, तिची व्हर्च्युअल टूर. लिफ्ट, पलंगाशेजारी घंटा, आवारात डॉक्टर, सगळं. तिथली एक जागा रिकामी होत होती आणि दोन महिन्यांत हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं तर रायपूरच्या पुरानी बस्तीतलं हे घर बंद करून आम्ही दोघांनी कायमचं पुण्याला जायचं.

मला जायचं नव्हतं. मी नागपूरहून लग्न होऊन या घरात आले. इथल्या कॉलेजात सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. भाजीवालीपासून औषधवाल्यापर्यंत निम्मा बाजार कधी ना कधी माझ्याकडून स्पेलिंगसाठी बोलणी खाऊन गेलेला आहे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी नव्या गावात नव्या लोकांची स्पेलिंगं सुधारायला मी कुठून सुरुवात करणार? पण तुमच्या बाबांचंही खोटं नव्हतं. तिकडे अमेरिकेत इतक्या लांब बसलेल्या माणसाला आईवडील दिसत नाहीत, नुसता जिना दिसत राहतो.

तर मी चष्मा लावला. मला कुठलीही गोष्ट अर्धवट बघता येत नाही, त्यामुळे मी ती वसाहत एखाद्या परीक्षा केंद्रासारखी तपासली. खोल्या पाहिल्या, खिडक्या मोजल्या, मागे वळून दारामागे काय आहे तेही पाहिलं. स्वयंपाकघर नव्हतं. एक फळी होती आणि तिच्यावर विजेची किटली. जेवणघर मोठं होतं, बाग मोठी होती, बाकं नवी कोरी होती. मग आजोबांची पाळी. त्यांनी आधी चपला काढल्या.

"अहो, चपला कशाला काढता? तुम्ही बैठकीतच उभे आहात."

"दुसऱ्याच्या घरात चाललो नं," ते म्हणाले आणि अनवाणी पुण्याला गेले.

भांडी घासायला येणाऱ्या बाईंनीही हात पुसून चष्मा मागितला. त्या बराच वेळ गोल गोल फिरल्या. मग चष्मा काढून छत्तीसगढीत म्हणाल्या, "दाई, अतका बड़े घर, अउ मनखे एको झन नइ!" म्हणजे, एवढं मोठं घर आणि माणूस एकही नाही.

खरंच की. मी तीनदा फिरून आले होते आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या एवढ्या मोठ्या वसाहतीत एकही म्हातारा नव्हता.

"जेवायले गेले असतीन," आजोबा म्हणाले.

"जेवणघरही रिकामं आहे."

"मंग सगळेच्या सगळे जिन्यावरून पडले असतीन."

त्या संध्याकाळी मी तुमच्या बाबांना स्पष्ट सांगितलं. तू आम्हाला त्यांचं घर दाखवलंस, आता आम्ही तुला आपलं दाखवतो. तसंच, चष्म्यातून. काय काय धोक्याचं वाटतं त्याची यादी कर. ती यादी इथे राहून पुरी करता आली तर आम्ही इथे राहू. नाही आली तर सामान बांधू. बाबा म्हणाले, "ठीक आहे. पण आई, घर आहे तसं दाखव. सजवू नको."

मी हो म्हटलं आणि सजवायला लागले.

तेलीबांध्याकडे तलावाकाठी जे नवे फ्लॅट उठतात त्यांच्या टूर काढून देणारी एक बाई मला शेजारणीने शोधून दिली. तिशीची, चटपटीत, आडनाव आपल्यातलं. तिचं घराणं आपल्याही आधी, मराठ्यांच्या अमलात नागपूरकडून इथे आलेलं. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. मी विचारायचे, "किती वेळ लागेल?" ती म्हणायची, "आंटी, दो घंटे मान लीजिए." आमचा संवाद शेवटपर्यंत असाच झाला आणि कुठेही अडलं नाही.

ती यायच्या आदल्या दिवशी मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला. दार, बैठक, स्वयंपाकघर, जिना, वरची झोपायची खोली, तुमच्या बाबांची जुनी खोली आणि गच्ची. प्रत्येक ठिकाणी कॅमेरा जिथे ठेवायचा तिथे जमिनीवर खडूने फुली मारली. आणि जे जे दिसायला नको होतं ते ते मी फुलीच्या मागच्या भिंतीशी रचलं. बैठकीतली आजोबांची रद्दी आणि बंद पडलेला कूलर. स्वयंपाकघरातला जादा सिलिंडर, पाणी तापवायचा रॉड, लोणच्याच्या बरण्या. ज्यावर चढून आजोबा बल्ब बदलतात ते तीन पायांवर उभं राहणारं स्टूल. तुमच्या बाबांच्या खोलीत तर मागची भिंत छतापर्यंत भरली. समोरची बाजू मात्र अशी चकचकीत झाली होती की मलाच आत पाय ठेवायला संकोच वाटावा.

तुम्ही म्हणाल, आजी, तो कॅमेरा तर चहूबाजूंनी बघतो. हो. पुण्याच्या घरात मी स्वतः मागे वळून दारामागे पाहिलं होतं. तरीही कॅमेराही मागे वळून बघेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. जन्मभर मी स्टाफच्या फोटोंत पहिल्या रांगेत बसले आहे आणि फोटोवाल्याच्या पाठीमागे काय ठेवलंय याची आजवर कोणाला फिकीर करावी लागलेली नव्हती.

ती आली, एका काठीवर सुपारीच्या डबीएवढा कॅमेरा लावला आणि बैठकीतल्या फुलीवर उभा केला. भिंतीशी रचलेल्या ढिगाकडे पाहून तिने विचारलं, "आंटी, ये सब यहीं रहेगा?"

"राहू दे, ते मागे आहे."

"जी," ती म्हणाली. लोकांच्या घराला नावं ठेवायची नाहीत, हे तिच्या धंद्याचं वळण असणार.

मग ती म्हणाली की घरातल्या सगळ्यांनी बाहेर जायचं, ती स्वतःसुद्धा दुसऱ्या खोलीत लपून फोनवरून बटण दाबते. हे ऐकल्यावर आजोबा उखडले.

"काहून? मी काय चोर आहो का लपायले?"

"अहो, तसंच काढतात. पुण्याचंही तसंच होतं."

"म्हणूनच तिथं कोणी नव्हतं! पोट्टा तीन वर्षांनी घरात येऊन राहिला अन् दारात कोणी नाही? त्याले पाणी कोण देईन?"

"तो खरा येत नाहीये. चष्म्यातून बघणार आहे."

"मंग चष्म्यातून पाणी दिसलं पाहिजे."

मी त्यांना पायरी, घोटा आणि डॉक्टरांची मनाई या तीन गोष्टींची आठवण करून दिली आणि वर अजिबात चढायचं नाही असं सांगितलं. ते "हव" म्हणाले. आजोबा एरवी छत्तीसगढी बोलत नाहीत. वाद मिटवून आपल्याच मनाचं करायचं असलं की 'हो'साठी तेवढा एक शब्द वापरतात. पन्नास वर्षांत मला हे कळायला हवं होतं. मी समोरच्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. आजोबा "मंदिरात जाऊन येतो" म्हणून गल्लीत वळले.

दोन तासांनी ती बाई काठी मिटवून बाहेर आली. पाठोपाठ आजोबाही आले, गल्लीतून नाही, घरातून. सदरा बदललेला होता. मी विचारलं, तर म्हणाले, "मागच्या दारानं आलो, तहान लागली होती."

तीन दिवसांनी तिचा फोन आला. "आंटी, एक बात पूछनी थी. अंकल हर कमरे में हैं. रखना है?"

"म्हणजे काय?"

"मतलब हर कमरे में. पानी लेके."

तिने लिंक पाठवली. मी चष्मा लावला. दारात आजोबा, नव्या सदऱ्यात, हातात ताटली, ताटलीत तांब्या-पेला. मी चष्म्यात दिसणाऱ्या बाणावरून बैठकीत गेले, तिथे आजोबा, पेला पुढे केलेला. स्वयंपाकघरात आजोबा, माझ्या ओट्याला टेकून, जसं काही रोज तेच करतात. वरच्या खोलीत आजोबा. गच्चीवर आजोबा, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे, कपाळाला हात लावून गल्लीकडे बघणारे. आणि मी सहज मागे वळले.

बाळांनो, मागे कूलर होता. कूलरवर रद्दी होती आणि रद्दीवर स्टूल. मी धावत, म्हणजे चष्म्यातल्या चष्म्यात धावत, बाकीच्या खोल्यांत गेले आणि प्रत्येक ठिकाणी मागे वळले. एकही वस्तू सुटली नव्हती. सिलिंडरच्या टोपीवरची धूळसुद्धा मोजता येत होती.

"काढता येईल का हे?" मी फोनवर विचारलं.

"अंकल हट जाएँगे, आंटी, मैंने हर जगह एक फोटो बिना अंकल के भी लिया था. सामान नहीं हटेगा. वो तो सब में है."

सगळ्यात वाईट जिना होता. तिथे आजोबा स्थिर उभे नव्हते, चढत होते. एका हातात ताटली, दुसरा हात भिंतीवर, कारण त्या बाजूला कठडाच नव्हता. कॅमेऱ्याने दोन बाजूंचं चित्र जोडताना त्यांना मधोमध कापलं होतं. एक पाय पायरीवर होता, दुसरा जगातच नव्हता. डॉक्टरांनी मना केलेला माणूस, मना केलेल्या जिन्यावर, हातात पाण्याने भरलेलं भांडं घेऊन. तुमच्या बाबांना आम्हाला पुण्याला न्यायला दुसरा पुरावा लागला नसता.

मी म्हटलं, आजोबांना काढा. सगळीकडून.

तिने काढले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चष्मा लावला. आता घरात कोणी नव्हतं. कूलर, रद्दी, सिलिंडर, स्टूल सगळं जागच्या जागी, आणि माणसं मात्र काहीतरी होऊन पळून गेल्यासारखी. पुण्यापेक्षा वाईट. पुणं निदान झाडून ठेवलेलं होतं. मी सगळ्या खोल्यांतून फिरले आणि शेवटी स्वयंपाकघरात माझ्याच ओट्यासमोर उभी राहिले, तर मला चक्क परकं वाटलं.

मी तिला फोन केला. "आजोबा परत घाला."

"सब में?"

"सगळ्यांत."

"सीढ़ी वाला भी? उसमें पैर..."

मला मोह झाला होता. सगळीकडे आजोबा ठेवायचे आणि जिन्यावरचे तेवढे गाळायचे, कोणाला कळणार होतं? पण जन्मभर मुलांच्या वह्यांत खाडाखोड पकडत आलेल्या बाईने हे करायचं म्हणजे फारच झालं असतं. "तोही ठेव," मी म्हटलं, आणि पुण्याला न्यायच्या साड्या कोणत्या, याचा मनात हिशेब सुरू केला.

तुम्ही ते पाहिलंत तेव्हाचं तुम्हाला थोडं आठवत असेल. तुमची संध्याकाळ होती, आमची सकाळ. मी चहा ठेवला होता आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता. तुमच्या बाबांनी तिकडे चष्मा लावला. मग म्हणाले, "आई, बाबा दारात पाणी घेऊन उभे आहेत."

"हो."

"बैठकीतपण आहेत."

"पुढे जा."

मग ते जिन्यावर पोचले. रागावले की तुमच्या बाबांचं मराठी थेट रायपूरला परत येतं. "बाबा! काय करून राहिले तुम्ही जिन्यावर? डॉक्टरनं काय सांगितलं होतं तुम्हाले?"

"चढलो नं?" आजोबा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये ओरडले. "पडलो काय?"

तेवढ्यात थोरल्याने चष्मा ओढून घेतला आणि मग धाकटीने. धाकटी किंचाळली, "आजोबांना एकच पाय आहे!" आणि रडायला लागली. आजोबांना खुर्चीवर उभं राहून दोन्ही पाय फोनला दाखवावे लागले. ते खुर्चीवर चढलेले पाहून तुमचे बाबा आणखी ओरडले. चहा उतू गेला. "बस झालं," तुमचे बाबा म्हणाले, "मी पुण्याला हो कळवतो." आणि फोन बंद झाला.

मी खरंच एक पेटी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. मला वाटलं, पुण्याची तारीख. तुमचे बाबा म्हणाले, "आई, माझ्या खोलीत मागच्या भिंतीला, ट्रंकेच्या वर, तो माझा कॅरम बोर्ड आहे का?"

"आहे."

"फेकला नाहीस?"

"मी काहीच फेकत नाही. तू आता सगळं पाहिलंच आहेस."

"अच्छा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच दिसते, ते खरं का? मी फूटपट्टी नेऊन मोजली. दीड इंच उंच होती. हे मी आजोबांना सांगितलं आणि दिवसभर घरात शांतता होती. कारण आजोबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, आणि तो जिना त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. "चष्म्याची चूक आहे," संध्याकाळी ते म्हणाले. मी फूटपट्टी पुढे केली. "फूटपट्टी शाळेतली आहे," ते म्हणाले.

मग रोजच फोन यायला लागले. कूलरची वायर उघडी आहे. सिलिंडरजवळ रॉड का? गच्चीच्या दाराची कडी बाहेरून का? तुमच्या आईने मला एकदा हळूच सांगितलं, "आई, हे ऑफिसातून आले की चष्मा लावून रायपूरला जातात. जेवायला हाक मारावी लागते." तुम्ही दोघंही म्हणे मागे लागायचात, आता आमची पाळी. आपल्या घरात यायला तुमच्याकडे रांग लागत होती आणि इथे आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

यादी तेवीस कलमांची झाली. माझ्या ढिगांनी त्यातली चौदा पुरवली. मी झाकलेलं सगळं त्यांना सापडलं होतं, आणि झाकलेलं होतं म्हणूनच ते रोज शोधायला येत होते, असं मला वाटतं. ते काही का असेना, गुढियारीचा एक लोखंडकाम करणारा येऊन जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूला कठडा बसवून गेला. तुमच्या बाबांनी त्याला तिकडून, चष्मा लावून, कुठे भोक पाडायचं ते फोनवर सांगितलं. तो आधी घाबरला. मग त्याने मला विचारलं, "अम्मा, भैया कहाँ से देख रहे हैं?" मी म्हटलं, अमेरिकेतून. तो कठड्याला हात लावायच्या आधी दर वेळी गमछ्याने हात पुसू लागला.

तिसरी पायरी आजोबांनी स्वतः उभं राहून तासून घेतली. गवंड्याला त्यांनी सांगितलं की ही पायरी पूर्वी कोणीतरी चुकीची बांधली होती.

या गडबडीत दोन महिने केव्हाच उलटले. पुण्याहून तुमच्या बाबांना विचारणा आली तेव्हा त्यांनी मला फोन केला. ते म्हणाले, "आई, त्यांना आत्ता नको म्हणून कळवलं. आपली सात कलमं अजून बाकी आहेत." आणि पुढे, "बाबांना वरच्या खोलीत झोपू देऊ नकोस. आणि पाणी द्यायचं तर दारातच द्या म्हणावं, प्रत्येक मजल्यावर नको."

आजोबांना मी हे सांगितलं. ते "हव" म्हणाले.

तर असं आहे. आता पलंग खाली आला आहे. कूलर गेला, रद्दी गेली, स्टूल मी स्वतः सरपणात दिलं. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. पुण्याची ती जागा दुसऱ्या कोणी घेतली. पुरानी बस्तीतलं घर आहे, आणि त्यात आम्ही दोघं आहोत.